टिपरूचा माग

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागलं की बख्शी का तालाब येतं. तळं बांधलं ते बख्शी त्रिपुरचंदने, नवाबी अमलात. बख्शी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा आणि मनसबदारांची नोंद ठेवणारा अधिकारी. नगाऱ्याचा मान मोगली रिवाजात याच नोंदीवर ठरे. दोन हजार स्वारांच्या आतल्या मनसबदाराला तो मिळत नसे. मिळाला की भर दरबारात छोटे नगारे त्याच्या पाठीवर अडकवत. टिपरू, म्हणजे वाद्यावर मारायची काठी, कोणाच्या दारात वाजावं, याचाही दर्जा ठरलेला होता!

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही नक्कारखान्याचा तपशील दिला आहे: दमाम्याच्या, म्हणजे मोठ्या नगाऱ्याच्या, सुमारे १८ जोड्या, नगाऱ्याच्या २०. या अवजड चामड्याला जाड, भरीव लाकूडच हवं. उत्तरेत त्या काठीला ‘चोब’ म्हणतात. पुढे हाच नगारा कानपूरच्या नौटंकीत शिरला तेव्हा अंगाने लहान झाला. जोडीतल्या मोठ्याला पाण्याने ओलवायचं, धाकट्याला शेकायचं आणि दोन काठ्यांनी दोघांना बोलतं करायचं. घाई वाढली तशी काठी हलकी झाली. माझ्या मते काठीचा सगळा इतिहास असाच आहे, चामडं सांगेल तशी ती बदलते.

आपल्याकडचे प्रकार याची साक्ष देतात. हलगीला एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी. गोंधळ्याच्या संबळाची एक काठी टोकाला वळलेली. ढोलाला एका अंगाला टिपरू, दुसऱ्या अंगाला नुसती थाप. ताशाला मात्र दोन्ही हातांत सडपातळ काड्या, कारण त्याचं काम तडतडण्याचं.

हा ताशा लखनौत मुहर्रमच्या जुलुसात वाजतो, पुण्यात गणपतीपुढे. पण त्याची सर्वांत लांबची मजल समुद्रापार आहे. १८४५पासून कलकत्त्याहून त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, गेले. त्यांतले बरेच अवध-भोजपूर पट्ट्यातले होते. त्यांच्याबरोबर ताशाही गेला. तिथल्या मुहर्रमला ‘होसे’ म्हणतात. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी बंदी झुगारून निघालेल्या होसेच्या मिरवणुकींवर सॅन फर्नांडोजवळ इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. वाजवणं मात्र थांबलं नाही. आता तिथे लग्नातही ताशा लागतो आणि त्याच्या काडीला लोक अजून ‘चोप’ म्हणतात.

पुण्यात बकऱ्याचं चामडं जाऊन ताशाला फायबरचं पान आलं, त्याबरोबर शेकोटीही सुटली. पावसात पान ढिलं पडत नाही, बोल्ट आवळले की झालं. आवाज चढा, थोडा कोरडा. काडीही पुष्कळदा फायबरचीच. गंमत म्हणजे त्रिनिदादमध्येही चामड्याच्या ताशाशेजारी नट-बोल्टचा ताशा आला आहे, आणि पुण्याला कोणी विचारलं नव्हतं.