अधिकारभेद आणि सहिष्णुता : १८३९च्या एका वादाचे पुनर्वाचन

हिंदू धर्माविषयीच्या गैरसमजांची चर्चा मराठीत बहुधा एकाच दिशेने होते. परकीयांनी, विशेषतः मिशनऱ्यांनी, आपला धर्म कसा विपर्यस्त पाहिला हे सांगितले जाते आणि त्यापुढे 'खरा' हिंदू धर्म मांडला जातो. हा खरा धर्म सहसा एका वाक्यात मावतो : सर्व मार्ग अखेर एकाच ईश्वराकडे जातात, म्हणून आम्ही कोणाला धर्म बदलायला सांगत नाही. संतसाहित्याच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य इतक्या वेळा भेटते की परीक्षकाची नजर त्यावरून सरळ पुढे सरकते. वाक्य खोटे नाही. परंतु त्यालाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात परक्यांच्या अज्ञानाइतकीच आपल्या माणसांची विस्मृतीही गुंतलेली आहे.

१८३९ साली 'मतपरीक्षा' नावाचे एक संस्कृत पद्यमय पुस्तक प्रसिद्ध झाले. कर्ता जॉन म्यूर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेतला स्कॉटिश अधिकारी. तो पेशाने मिशनरी नव्हता, पण मनाने त्यांच्यातलाच होता. पंडितांना त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच गुरुशिष्यसंवादाच्या रूपात ख्रिस्ती मत समजावावे, हा त्याचा हेतू. खरा धर्म ओळखण्याच्या त्याने तीन कसोट्या दिल्या. धर्मसंस्थापकाने चमत्कार केलेले असावेत व त्यांना साक्षीदार असावेत. धर्मग्रंथ पवित्र आचार शिकवणारा असावा. आणि तो ग्रंथ सर्व मानवांसाठी असावा, एखाद्या जातीपुरता किंवा देशापुरता नव्हे.

कसोट्या तटस्थ वाटतात, पण पहिली पाहताच गडबड लक्षात येते. तिच्यात संस्थापक गृहीत आहे. ज्या परंपरेला संस्थापकच नाही तिने साक्षीदार कोठून आणावेत? मीमांसकाच्या दृष्टीने तर वेदाचे प्रामाण्य नेमके यातच आहे की तो कोणी रचलेला नाही. पुरुष म्हटला की भ्रम आला, लोभ आला, फसवणुकीची शक्यता आली. अपौरुषेय वाणीला हे दोष चिकटत नाहीत. म्यूरच्या लेखी जी उणीव, तीच पंडिताच्या लेखी प्रामाण्याची खूण. दोघे एकाच भाषेत, एकाच छंदात बोलत होते, आणि तरीही एकमेकांना ऐकू येत नव्हते. भाषा येणे आणि दृष्टी कळणे यांतले अंतर दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

म्यूरला तीन संस्कृत उत्तरे मिळाली. त्यांपैकी बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे उत्तर बरेच आक्रमक होते. ते येथे बाजूला ठेवू. उरलेली दोन उत्तरे मराठी माणसांची होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पहिले 'मतपरीक्षाशिक्षा', १८३९चेच. त्यावर नाव सोमनाथ असे आहे. या नावामागे सुबाजी बापू होते, असे या वादाच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. सुबाजी बापू माळव्यात सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या सान्निध्यात होते. पुराणांतला भूगोल, सिद्धान्तग्रंथांतले ज्योतिष आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना करणारे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले होते. पृथ्वी फिरते हे मान्य करण्यात त्यांना धर्महानी दिसली नाही. म्यूरला त्यांनी दिलेले उत्तरही असेच सौम्य आहे. ख्रिस्ती मत खोटे आहे असे ते म्हणत नाहीत. ते ख्रिस्ती लोकांसाठी योग्यच आहे, म्हणतात. ज्याचा जसा अधिकार तसा त्याचा मार्ग. ईश्वरानेच ही विविधता निर्माण केली. तेव्हा आपला मार्ग सोडून दुसऱ्याचा धरण्याचे प्रयोजन नाही. विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोत ज्या सर्वमतस्वीकाराचा उच्चार केला आणि जो पुढे हिंदू धर्माची ओळखच होऊन बसला, त्याचा एक पूर्वावतार येथे पन्नासहून अधिक वर्षे आधी दिसतो.

मात्र त्याच १८३९ साली सुबाजींनी आणखी एक लेखन प्रसिद्ध केले. अश्वघोषाच्या नावावर असलेली 'वज्रसूची' विल्किन्सनने छापवली. जन्मावरून ब्राह्मणत्व ठरत नाही, असे प्रतिपादणारा हा ग्रंथ आहे. (याच नावाच्या उपनिषदाचा विचार मराठीला बहिणाबाईंच्या अभंगांतून आधीच ओळखीचा होता.) त्याच पुस्तकात वज्रसूचीला जोडून तिचे खंडनही छापले गेले, आणि ते सुबाजी बापूंचे होते. कोपर्निकस पचवणाऱ्या या विद्वानाला वज्रसूची पचली नाही.

याला दुटप्पीपणा म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मते तो उतावळेपणा ठरेल. दोन्ही उत्तरांत सुबाजी अगदी सुसंगत आहेत. 'ज्याचा जसा अधिकार' हे सूत्र बाहेर पाहताना ख्रिस्त्याला त्याच्या मार्गावर सुखाने राहू देते. तेच सूत्र आत पाहताना शूद्राला व स्त्रीला त्यांच्या जागी राहायला सांगते. या उत्तरात सहिष्णुता आणि जातिभेद एकाच तर्कातून निघाले आहेत. आज आपण त्यातला पहिला भाग उचलतो, 'अधिकार' हा शब्द वगळतो, आणि उरलेल्याला सनातन औदार्य म्हणतो. परक्यांनी आपल्यावर लादलेल्या गैरसमजांपेक्षा हा आपण आपला करून घेतलेला गैरसमज अधिक टिकाऊ ठरला. विवेकानंदांना ही गाठ दिसली होती, हेही नोंदवले पाहिजे. अधिकारवादावर त्यांनी स्वतंत्रपणे कठोर टीका केलेली आहे. उत्सवी भाषणांत ती सहसा येत नाही.

म्यूरच्या तिसऱ्या कसोटीकडे आता पुन्हा पाहता येईल. पहिली कसोटी परकी होती. तिसरी होती का? धर्मग्रंथ सर्वांसाठी असावा, ही अपेक्षा स्कॉटलंडहून आली असे म्हणणाऱ्याने ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय उघडावा. वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला; ही उणीव भरून काढण्यासाठी तो गीतारूपाने सर्वांना सेव्य झाला, असा त्या ओव्यांचा आशय आहे. काळ १२९०. ज्ञानदेव वेद नाकारीत नाहीत, त्याला जणू लाजवतात. म्यूरला हा ग्रंथ माहीत असण्याचे कारण नव्हते. सुबाजी बापूंसारख्या मराठी पंडिताची गोष्ट निराळी; पण त्यांच्या उत्तरात प्रमाण म्हणून उभे राहते ते शास्त्र, मराठी ओवी नव्हे. 'हिंदू धर्म म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर संस्कृतातच असणार, यावर साहेब आणि शास्त्री यांचे न बोलता एकमत झाले होते. आम्हाला तर या वादातली सर्वांत दूरगामी गोष्ट हीच वाटते.

पुढे याच कसोटीला आतून वेगळे वजन आले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातले 'सार्वजनिक' हे विशेषण पुरेसे बोलके आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात, सर्व हिंदूंना मान्य असा एकच प्रमाणग्रंथ असावा, ही सुधारणा सुचवली. 'तुमचा ग्रंथ कोणता' हा मिशनऱ्याचा प्रश्न येथे परत येतो खरा, पण त्याचा अर्थ पालटलेला आहे. मिशनरी तो आपला ग्रंथ पुढे करण्यासाठी विचारीत होता. आंबेडकर तो विचारतात ते प्रमाणांच्या गर्दीआड लपणारा अधिकारभेद उघड्यावर आणण्यासाठी. या दोन प्रश्नांना एकच 'पाश्चात्त्य प्रभाव' म्हणून निकालात काढणे ही समीक्षेतली आळशी सवय आहे.

दुसरे मराठी उत्तर 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४-४५). कर्ते नीळकंठशास्त्री गोरे. कोकणातून उत्तरेत गेलेल्या चित्पावन घराण्यातले काशीचे तरुण पंडित, वय विशीच्या आसपास. चमत्कार हाच निकष असेल तर आमच्या पुराणांत त्यांची वाण नाही, असे ते म्यूरला सुनावतात. पण त्यांचे मर्मभेदी आक्षेप नैतिक आहेत : एका आयुष्यातल्या पापासाठी अनंत काळ नरक देणारा ईश्वर न्यायी कसा? पूर्वकर्म मानले नाही, तर जन्मतःच वाट्याला येणाऱ्या दुःखाचा हिशेब कसा लावायचा? म्यूरला मिळालेल्या उत्तरांत तात्त्विकदृष्ट्या हे बहुधा सर्वांत गंभीर उत्तर. आणि १८४८ साली त्याचा कर्ता जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. १८६० साली त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांचे खंडन केले. म्यूरचा प्रवास बरोबर उलट झाला. त्याने वर्णव्यवस्थेपासून वैदिक देवतांपर्यंत मूळ संस्कृत आधार गोळा करण्यात पुढची कित्येक वर्षे घालवली, १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापले, आणि उत्तरायुष्यात महाभारतादी ग्रंथांतील नीतिवचनांचे पद्यानुवाद आस्थेने केले.

गोऱ्यांचे लेखन पुढे पंडिता रमाबाईंच्या हाती गेले. अधिकारभेद ही गोष्ट रमाबाईंना कोणी पुस्तकातून समजावण्याची गरज नव्हती. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांच्या वडिलांना, अनंतशास्त्री डोंगऱ्यांना, ज्ञातीचा रोष सोसावा लागला होता. आणि त्या वडिलांनीही मुलीला पुराणे शिकवली, वेद नव्हे. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेदाची एक प्रत त्यांच्यापुढे धरली, तेव्हा भागवत मुखोद्गत असलेल्या या विदुषीने, स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही, असेच प्रथम उत्तर दिले. नंतर त्यांनी तो वाचला. ब्राह्मो मताने काही काळ त्यांचे समाधान झाले. मग गोऱ्यांचे पुस्तक आले. ब्राह्मो ज्याला वेदांतला शुद्ध धर्म म्हणतात तो वेदांत नाही, ते वेष पालटलेले ख्रिस्ती मतच आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते रमाबाईंना पटले, आणि १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.