गिरणीत माणूस टिकला कसा?

साखर कारखान्यात कामाला जाणारा गावकरी महिनाअखेर पगाराची चिठ्ठी घेऊन घरी येतो. चिठ्ठीत काही रक्कम कापलेली असते. बायको विचारते, "हे पैसे कुठं गेले?" तो म्हणतो, "फंडात." बोलणे तिथेच संपते. फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे शब्द आता आपल्या तोंडात इतके बसले आहेत, की ते आले कुठून, असे कुणी विचारत नाही. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला पेन्शन असे, ते एक समजू शकते. पण गिरणीतल्या मजुराला असे काही द्यावे, हे मालकाच्या मनात आले तरी का? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर नागपूरच्या इतिहासात सापडते.

जमशेटजी टाटा यांनी 1874 मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची एक कंपनी काढली आणि गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले. का? तर कापूस वऱ्हाड-वर्ध्याकडचा, कोळसा वरोऱ्याच्या खाणीचा, आणि रेल्वे 1867 मध्येच नागपुरापर्यंत पोचलेली. हिशेब चोख होता. जागा मात्र जुम्मा तलावाजवळची दलदलीची. ती भरून काढताना पाहून एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारले. हा माणूस मातीत सोने घालतो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे गिरणीला नफा होऊ लागल्यावर त्याच सावकाराने शब्द फिरवले, की यांनी माती घातली आणि सोने काढले, अशी गोष्ट सांगतात. 1 जानेवारी 1877 रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस. (ती गिरणी आता नाही. 1986 मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली.)

हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे माणूस. रोज सकाळी हजेरी घ्यावी, तर पाचांतला जवळजवळ एक जण आलेलाच नसे. मुंबईच्या गिरण्यांत गैरहजेरी होती, पण ती याच्या निम्म्याच्या आसपास. यंत्र तर माणसासाठी थांबत नाही. चात्यांवर धागा तुटला आणि जोडायला हात नसला, की तेवढे उत्पादन गेलेच. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात याचे कारण दोन शब्दांत सांगून टाकलेले असते : नागपूरचा मजूर आळशी, पोटापुरते मिळाले की काम सोडतो.

मला हे कारण पटत नाही. तुम्ही खेड्यातली माणसे आहात, तुम्हीच विचार करा. गिरणीत येणारे लोक कोण होते? शेतावर राबणारे मजूर, हातमाग बसत चालल्याने आलेले कोष्टी, महार वस्तीतले लोक. पेरणी आली, कापसाची वेचणी आली, घरात लग्न निघाले, पोळा आला, की माणूस गावाकडे वळणारच. मुंबईतल्या कोकणी मजुराला घर दूर, बोटीचा प्रवास. इथे घर काही कोसांवर. शिवाय गिरणीतला दिवस कसला! 1881 चा पहिला कारखाना कायदा फक्त मुलांविषयी बोलला, 1891 च्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले. पुरुषाने किती तास राबावे याला 1911 पर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती. उजेड आहे तोवर काम. अशा ठिकाणाहून चार दिवस पळावेसे वाटणे याला आळस म्हणायचे असेल, तर मग आपण सगळेच आळशी.

जमशेटजींचे मोठेपण मला इथे दिसते. मुंबईत दंड कापणे, काढून टाकणे, पगार अडकवून ठेवणे हे उपाय हाताशी होतेच. त्यांनी ते धरले नाहीत. गिरणीचा कारभार त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे दिला होता. बेझनजी आधी जी. आय. पी. रेल्वेच्या मालखात्यात होते, कापडधंद्यातले नव्हेत. या दोघांनी उलट बाजूने सुरुवात केली. नियमाने येणाऱ्यांना बक्षिसे ठेवली : घड्याळे, कापड, रोख रक्कम. बक्षीस समारंभाचा दिवस ठरवला, खेळांचे सामने ठेवले, घरच्या माणसांना बोलावले. गिरणीत हवा खेळती राहील, दमटपणा नीट राखला जाईल, अशी यंत्रे बसवली. हे करण्यात सूत कमी तुटावे हाही हेतू होताच, नाही असे नाही.

पण घड्याळ एकदा मिळाले की मिळाले. माणसाला वर्षानुवर्षे धरून ठेवणारी गोष्ट वेगळी होती. 1886 मध्ये एम्प्रेस गिरणीत पेन्शन फंड सुरू झाला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई देण्याची पद्धत पडली. देशात कामगार भरपाईचा कायदा झाला 1923 मध्ये. म्हणजे गिरणी कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे पुढे होती.

ही युक्ती काम कशी करते ते पाहा. आज चार आणे जास्त दिले, तर उद्या शेजारचा मालक पाच आणे देईल आणि मजूर तिकडे जाईल. मजुरीने माणूस ओढता येतो, पण टिकवता येईलच असे नाही. फंडाचे तसे नाही. त्यातली रक्कम वर्षागणिक वाढते, आणि ती हातात पडते नोकरी संपताना. पुढे निघालेल्या अनेक खासगी फंडांत तर अशी अट असे, की ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर मालकाने घातलेला हिस्सा मिळणार नाही. दावणीला बांधल्यासारखेच की हे, असे कुणी म्हणेल. थोडेसे खरे आहे. पण म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे पाहायला नको, हात यंत्रात गेला तर घर उघड्यावर पडायला नको, ही मजुराची खरीखुरी भीती होती, आणि रोजच्या मजुरीत तिच्यावर औषध नव्हते. दोघांची गरज एका जागी मिळाली, म्हणून ही योजना चालली.

पुढे 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणला, तेव्हा आधी माणसांना राहायला घरे उभी करावी लागली. निवडुंगाच्या रानात कारागीर नुसत्या पगारासाठी राहील कशाला? जमशेटपूरच्या पोलाद कारखान्यातही तीच गत. तिथे 1912 मध्ये आठ तासांचा दिवस आला, 1915 मध्ये फुकट औषधोपचार, 1920 मध्ये भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. जमशेटपुरात एवढे सगळे असताना 1920, 1922 आणि 1928 मध्ये मोठे संप झाले. नागपुरातही गिरणी कामगार रामभाऊ रुईकरांसारख्या पुढाऱ्यांच्या मागे संघटित झाले. मालक लोक म्हणत, "इतकं दिलं तरी ही माणसं समाधानी नाहीत!" पण त्यात नवल नाही. मालकाने आपखुशीने दिलेली सोय मालक काढूनही घेऊ शकतो, आणि शेजारच्या गिरणीतल्या माणसाला तर ती मुळीच मिळत नाही. फंड आहे म्हणून मजुरीचा प्रश्न मिटतो, असेही नव्हे. कामगारांना ही सोय हक्क म्हणून हवी होती, आणि त्या मागणीपुढे चांगला मालकही अपुरा पडला.

मग एकेक सोय कायद्यात आली. मुंबई प्रांतात 1929 मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. 1948 मध्ये राज्य विमा योजनेचा कायदा झाला. 1952 च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यात कापड गिरण्या पहिल्या तुकडीतच होत्या. 1972 मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा आला, आणि त्यातही सलग पाच वर्षे नोकरीची अट होती. माणसाने टिकावे हा जुना हेतू कायद्यानेही सोडला नाही, हे शिक्षक मंडळींनी मुलांना जरूर दाखवावे.

आणि पेरणीला गावी जाणारा तो नागपूरचा मजूर? 1945 च्या दुरुस्तीने कारखान्यात वर्षभर काम केलेल्या माणसाला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. 1948 च्या कायद्याने हिशेब ठरवला : वर्षात 240 दिवस काम भरले, की दर वीस दिवसांमागे एक दिवस. ती रजा घेऊन तो गावी गेला, तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर असे लिहिता येत नसे.