बंदर आसऱ्याचे, वारा ईशान्येचा

१/ वादळाची चाहूल लागली की जवळचे बंदर गाठावे, हे दर्यावर्दी माणसाचे जुने शहाणपण. पण बंदरात शिरले की सुटका झालीच, असे समजावे काय? वेल्सच्या वायव्य टोकावरील हॉलिहेड बंदराने सुमारे १६० वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन वादळांत या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दिली. त्या दोन वादळांचा हा इतिहास. #थ्रेड

२/ एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल हे जगातील अत्यंत गजबजलेले बंदर होते. तिकडे निघालेल्या जहाजांना अँगल्सी बेटाच्या खडकाळ किनाऱ्याला वळसा घालावा लागे. वाटेत वादळाने गाठले, तर मोठ्या जहाजाला निवारा मिळणे कठीण. यातूनच ‘आश्रय-बंदरा’ची कल्पना पुढे आली. ज्या जहाजाचा त्या गावाशी काही व्यापार नाही, त्यालाही संकटात शिरता यावे असे बंदर.

३/ हॉलिहेड येथे असे बंदर बांधण्यास १८४० च्या दशकात मंजुरी मिळाली. आराखडा जेम्स रेंडेल या अभियंत्याचा. जवळच्याच डोंगरातून दगड फोडून समुद्रात ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बंधारा, घालण्यात आला. रेंडेलच्या मृत्यूनंतर जॉन हॉकशॉने काम पुढे नेले. १८७३ मध्ये पूर्ण झालेला हा सुमारे २.७ किलोमीटरचा बंधारा ब्रिटनमधील सर्वांत लांब ठरला.

४/ बांधकाम अर्ध्यावर असतानाच कसोटीचा दिवस उगवला. २५ ऑक्टोबर १८५९. ‘रॉयल चार्टर’ हे शिडांना वाफेच्या इंजिनाची जोड असलेले लोखंडी जहाज मेलबर्नहून लिव्हरपूलकडे परतत होते. ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींवर नशीब काढून आलेले अनेक प्रवासी आपली कमाई सोबत घेऊन निघाले होते. सुमारे दोन महिन्यांचा प्रवास संपत आला होता. घर एका रात्रीच्या अंतरावर होते.

५/ त्या दुपारी जहाज हॉलिहेडवरून गेले. हवा बिघडू लागली होती. कप्तान थॉमस टेलर यांना ‘येथेच आश्रय घ्यावा’ असा सल्ला दिला गेल्याचे सांगितले जाते. त्यांनी लिव्हरपूलला जाण्याचे ठरवले. मुक्काम दृष्टिपथात असताना थांबणे हे भर समुद्रात थांबण्याहून अवघड असते. शिवाय पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्यांना कळवणारी कोणतीही यंत्रणा तेव्हा अस्तित्वात नव्हती.

६/ रात्री वारा पूर्वेकडून ईशान्येला वळला आणि त्याने प्रचंड वादळाचे रूप धारण केले. आता अँगल्सीचा पूर्व किनारा नेमका वाऱ्याच्या तोंडाशी आला. वारा जहाजाला खडकांकडे लोटत होता. दोन्ही नांगर टाकले. मध्यरात्रीनंतर दोन्हींच्या साखळ्या एकामागून एक तुटल्या. ओढ कमी व्हावी म्हणून डोलकाठ्या तोडून टाकल्या. इंजिनांचे बळ पुरले नाही.

७/ २६ ऑक्टोबरच्या पहाटे जहाज मोएल्व्रे गावाजवळ खडकांवर आपटून फुटले. किनारा अगदी हाकेच्या अंतरावर होता. जोसेफ रॉजर्स हा माल्टाचा खलाशी दोर घेऊन पोहत काठावर पोहोचला, त्यामुळे काहींचे प्राण वाचले. सुमारे ४० जण जगले. साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. वाचलेल्यांत एकही स्त्री नव्हती, एकही मूल नव्हते. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर या वादळात एकूण १३३ जहाजे बुडाली आणि सुमारे ८०० माणसे मेली.

८/ त्याच रात्री हॉलिहेडच्या बंदरात ब्रुनेलने बांधलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जहाज उभे होते. वादळाने त्यालाही झोडपले, परंतु ते तगले. हॉलिहेडचे पहिले उत्तर हे असे होते : जो आत थांबला तो वाचला, जो पुढे गेला तो बुडाला. मात्र ते जगातले सर्वांत मोठे जहाज होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

९/ या दुर्घटनेने रॉबर्ट फिट्झरॉय अस्वस्थ झाले. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचे हे कप्तान १८५४ पासून ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. जागोजागच्या नोंदी तारायंत्राने एकत्र केल्या, तर वादळाची आगाऊ सूचना देता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १८६१ मध्ये इशारे सुरू झाले. तार येताच बंदरावरील खांबावर शंकू किंवा पिंपाच्या आकाराची खूण चढवली जाई.

१०/ अंदाज चुकले की टीका होई. १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली. पुढच्या वर्षी चौकशी समितीने या पद्धतीला शास्त्रीय पाया नसल्याचे ठरवले आणि इशारे बंद झाले. पण ज्यांचा जीव त्या खुणेवर अवलंबून होता, त्या दर्यावर्दींना ती हवी होती. मागणी वाढली आणि १८६७ मध्ये वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले.

११/ याच कल्पनेचे भारतीय रूप कोकणाला चांगले परिचित आहे. १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकात्याची वाताहत केल्यानंतर त्या बंदरासाठी इशारे सुरू झाले. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. आजही ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी आली की मासेमारी नौका किनारा गाठतात. देवगडसारख्या बंदरात तेव्हा परराज्यांतील नौकाही आश्रयाला येतात.

१२/ आता दुसरे वादळ. १ आणि २ मार्च २०१८. हॉलिहेडमध्ये आता मरिना होती, म्हणजे हौशी लोकांच्या यॉट बांधून ठेवण्याची जागा. पुढे तोच भक्कम बंधारा. ‘एमा’ वादळाचा अंदाज आधीच जाहीर झालेला होता. तरीही तरंगते धक्के तुटले, यॉट एकमेकींवर आदळल्या, अनेक बुडाल्या. सुमारे ८० नौकांचे नुकसान झाले. धक्क्यांमधील थर्मोकोलचा चुरा आसपासच्या किनाऱ्यांवर पसरला.

१३/ असे का व्हावे? तेथे वादळे बहुधा पश्चिमेकडून येतात. बंधारा पश्चिम आणि वायव्येच्या लाटा अडवतो. बंदराचे तोंड दुसऱ्या बाजूला उघडे आहे. एमाचा वारा मात्र ईशान्येचा होता, १८५९ च्या त्या रात्रीसारखाच. लाटा उघड्या बाजूने थेट आत शिरल्या. महाकाय ‘ग्रेट ईस्टर्न’ने जे सोसले, ते धक्क्याला बांधलेल्या हलक्या यॉटना सोसवले नाही.

१४/ म्हणूनच यॉटने भ्रमंती करणाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत केवळ ‘सुरक्षित बंदर’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या वाऱ्यापासून निवारा मिळतो आणि कोणत्या वाऱ्यात तेथे थांबू नये, हेही नोंदवावे लागते. आसरा हा एकट्या जागेचा गुण नव्हे. त्या दिवशीचा वारा आणि ती जागा यांचे जुळले, तरच तो मिळतो.

१५/ टेलर यांच्यापाशी बंदर होते, अंदाज नव्हता. २०१८ मध्ये बंदरही होते आणि अंदाजही होता. भिंत मात्र दुसऱ्या वाऱ्यासाठी बांधलेली होती. फिट्झरॉय यांच्या खुणांमध्ये ही जाण सुरुवातीपासून होती. शंकूचे टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडचे, खाली असेल तर दक्षिणेकडचे. वादळ येणार एवढेच नव्हे, ते कोठून येणार हेही ती खूण सांगत असे. (समाप्त)