जमिनीखालचं ठिगळ

मंडळी, या शनिवारचा विषय जरा वासाचा आहे, तेव्हा चहा-पोहे आधी उरकून घ्या. विषय आहे घरापासून रस्त्यातल्या मोठ्या गटारापर्यंत जाणारी ड्रेनेजची लाइन. ती फुटली, तर दुरुस्त करायची की उखडून नवी टाकायची?

आपल्या धंद्यातल्या लोकांना हा प्रश्न अगदीच नवा नाही. जुना कोड सुधारत बसायचा की सगळं पुसून पुन्हा लिहायचं, या वादावर कँटीनमध्ये किती कप चहा खर्ची पडला असेल! २००० साली जोएल स्पोल्स्कीने नेटस्केपचं उदाहरण देऊन ठासून लिहिलं की चालता कोड फेकून नव्याने लिहायला घेण्याइतकी मोठी घोडचूक नाही. तेव्हापासून निम्मी जनता त्याच्या बाजूने, निम्मी विरुद्ध. ड्रेनेजच्या बाबतीत मात्र गंमत अशी, की जवळजवळ सव्वाशे वर्षं हा वाद नव्हताच. कारण लाइन फुटली की उपाय एकच होता. खणा!

सुरुवात लंडनपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या घरांखालची गटारं विटांची असत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचा तळ सपाट असे. सपाट तळावर पाणी पसरतं, त्याचा वेग मरतो आणि गाळ बसतो. एडविन चॅडविकने १८४२ मध्ये कामकरी वर्गाच्या वस्त्यांमधल्या अनारोग्यावर प्रसिद्ध अहवाल लिहिला. पुढे त्याने हा धोशाच लावला की घराला मोठं गटार नकोच. लहान, गोल, आतून गुळगुळीत पाइप द्या, म्हणजे पाणीच घाण ओढून नेईल. १८४६ मध्ये हेन्री डोल्टनने लंडनच्या लँबेथ भागात अशा झिलईदार स्टोनवेअर पाइपांचा कारखाना काढला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं आणि मग बॅझलजेटने प्रचंड विटांची गटारं बांधली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. पण घरातली घाण तिथवर पोचवणारा बिचारा चार-सहा इंची मातीचा पाइप कुणाच्या लक्षात राहत नाही.

हा पाइप म्हणजे मोठं चिवट प्रकरण. भाजलेली माती सडत नाही, गंजत नाही, आम्लालाही दाद देत नाही. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात खणलं तर हाच तपकिरी, चकचकीत पाइप अजूनही सापडतो. त्याची दुखरी जागा म्हणजे जोड. आखूड तुकडे एकात एक बसवायचे, फटीत ताग-अंबाडीचा दोर ठासायचा आणि वरून सिमेंट लिंपायचं. जमीन थोडी खचली की ताठ सिमेंटला तडा जातो. त्या तड्यातून ओल बाहेर पडते आणि ओलीच्या मागावर झाडाची मुळं येतात. केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आतल्या खुराकावर त्याचा भलामोठा झुपका होतो. मग चोकअप. म्हणजे पाइप ठणठणीत, पण लाइन आजारी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चोकअप झाला की अंगण उकरायचं, हाच रिवाज अमेरिकेतही होता. १९३३ च्या सुमारास आयोवा राज्यातल्या दे मॉइनमध्ये सॅम्युअल ब्लँक नावाच्या गृहस्थाने वॉशिंग मशीनची मोटर, रोलर स्केटची चाकं आणि पाऊण-एक सेंटिमीटर जाडीची पोलादी केबल एकत्र करून एक यंत्र बनवलं. केबलच्या टोकाला फिरती पाती. पाइपात सोडलं की मुळं छाटत पुढे जायचं. बायकोने त्याचं नाव ठेवलं ‘रोटो-रूटर’. महामंदीचे दिवस होते. ब्लँकने ही यंत्रं अडीचशे डॉलरला विकली आणि कित्येक बेकारांना त्यातून रोजगार मिळाला. यंत्र अफलातूनच होतं, पण ही दुरुस्ती नव्हे, बरं का! तडा तिथेच राहतो आणि छाटलेलं मूळ पुन्हा फुटतं. सर्व्हर अडकला की रीस्टार्ट मारायचा आणि बग तसाच ठेवायचा, त्यातली गत. दर वर्षी पावसाळ्याआधी माणूस बोलावून लाइन ‘मारून’ घेणाऱ्या सोसायट्या आजही हेच करतात.

याच काळात पाइपच मुळात कच्चा असेल तर काय होतं, याचाही धडा मिळाला. न्यूयॉर्क राज्यात ऑरेंजबर्ग नावाचं गाव आहे. तिथे लाकडाचा लगदा आणि कोळशाचं डांबर यांच्यापासून पाइप बनत. आधी ते मुख्यत्वे विजेच्या तारा घालायला वापरत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बिडाचा तुटवडा पडला आणि युद्ध संपल्यावर घरांची लाट आली, तेव्हा हेच हलके, स्वस्त, करवतीने कापता येणारे पाइप घरोघरच्या ड्रेनेजला लागले. म्हणजे डांबरात बुडवलेला पुठ्ठाच की हो! ओल पिऊन त्याला आतून फोड येतात आणि मातीच्या भाराने तो चेपून लंबगोल होतो. पन्नास वर्षं टिकेल म्हणून घातलेला पाइप काही ठिकाणी दहा वर्षांतच बसला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन बंद पडलं, कारण तोवर स्वस्त आणि मजबूत प्लास्टिक आलं होतं. ब्रिटनमध्येही याच जातीचे पाइप १९५० ते १९७० च्या दरम्यान भरपूर घातले गेले. तुमचं घर कुठल्या वर्षी बांधलं, यावर जमिनीखालचं नशीब ठरतं ते असं.

आता वळण येतं १९७१ चं. लंडनच्या पूर्वेला हॅकनीमध्ये शंभरेक वर्षं जुनं, अंड्याच्या आकाराचं एक विटांचं गटार होतं. एरिक वुड नावाच्या इंजिनिअरने त्याच्या साधारण ७० मीटर लांबीत न खणता आतून अस्तर बसवलं. कल्पना ऐकायला सोपी आहे. नमद्यासारख्या जाड कापडाची लांबलचक पिशवी शिवायची, ती रेझिनमध्ये भिजवायची, जुन्या पाइपात घालून फुगवायची आणि रेझिन कडक होईपर्यंत थांबायचं. जुन्या पाइपाच्या आत काही मिलिमीटर जाडीचा, एकही जोड नसलेला नवा पाइप तयार! पुढे यात आणखी एक युक्ती आली. उशीचा अभ्रा आपण उलट्याचा सुलट करतो ना, तशी ही पिशवी पाण्याच्या दाबाने उलटवत उलटवत आत ढकलायची. रेझिनची बाजू आपोआप भिंतीला जाऊन चिकटते. मग तेच पाणी गरम केलं की रेझिन घट्ट होतं.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोमध्ये अमेरिकेतलं पहिलं अस्तर बसलं. १९७७ मध्ये वुडला अमेरिकन पेटंट मिळालं. १९९४ मध्ये त्याची मुदत संपली आणि धंदा सगळ्यांना खुला झाला. पण इंजिनिअर लोक शंकेखोर. हे टिकतं का? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डेन्व्हर आणि कोलंबस या शहरांतल्या गटारांतून ५ ते २५ वर्षं जुन्या अस्तरांचे तुकडे कापून तपासले. २०१२ मध्ये अहवाल आला की अस्तरं चांगल्या अवस्थेत आहेत आणि पन्नास वर्षांचा अपेक्षित आयुष्यकाळ ती गाठू शकतील असं दिसतं.

‘बदला’ म्हणणारा पक्षही गप्प बसला नव्हता. १९७० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये बिडाच्या गॅस पाइपांसाठी एक रांगडी पद्धत निघाली. जुन्या पाइपात शंकूसारखं डोकं ओढत न्यायचं. ते जुना पाइप आतून फोडतं, तुकडे बाजूच्या मातीत दाबतं आणि मागे बांधलेला नवा प्लास्टिकचा पाइप त्याच वाटेने ओढून आणतं. दोन टोकांना दोन खड्डे केले की झालं. हीच पद्धत पुढे ड्रेनेजलाही लागली. म्हणजे ‘बदलायचं’ याचा अर्थ ‘सगळं अंगण उकरायचं’ असा राहिला नाही, आणि दुरुस्ती की बदल हा खराखुरा प्रश्न झाला.

मग उत्तर कसं काढायचं? दुखणं कातडीचं आहे की हाडाचं, हे आधी बघायचं. तडे, उघडे जोड, मुळं ही कातडीची दुखणी. पाइप ठणठणीत, लाइन आजारी. इथे अस्तर झकास. पण अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेतं. लाइन मध्येच खचून तिला पोट आलं असेल, तर अस्तरालाही तेच पोट येणार आणि घाण तिथेच साचणार. पाइप फोडून नवा ओढणारी पद्धतही जुन्याच वाटेने जाते, त्यामुळे ढाळ चुकला असेल तर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ढाळ सुधारायचा म्हणजे फावडं घ्यायचं. चेपलेला पुठ्ठ्याचा पाइप किंवा कोसळलेला भाग असेल, तर आभाळच फाटलं म्हणायचं, ठिगळ कुठे कुठे लावणार? आणि अस्तरही फुकटात येत नाही. रेझिन शिजताना निघणारी वाफ निरुपद्रवी नसते. २०१७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की तो पांढरा ढग नुसती पाण्याची वाफ नाही, त्यात स्टायरीनसारखी रसायनं असतात. म्हणजे काम करणाऱ्यांना संरक्षण हवं आणि शेजाऱ्यांना पूर्वसूचना हवी.

पाइप जमिनीखाली असला तरी हा प्रश्न एकट्या घरमालकाचा नसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, ओकलंड वगैरे भागांत, घरोघरच्या फुटक्या लाइनींतून पावसाचं पाणी गटारात शिरायचं आणि गटारं तुंबून घाण उपसागरात जायची. म्हणून २०११ मध्ये तिथे नियम आला की घर विकताना लाइन गळत नाही याचा दाखला द्यायचा. पूर्ण लाइन बदलली तर दाखला २० वर्षांचा, नुसती डागडुजी केली किंवा आहे तशी चाचणीत उतरली तर ७ वर्षांचा. दुरुस्ती आणि बदल यांच्यातला फरक सरकारने चक्क आकड्यांत मांडला! (तिकडे घर घेणारे आपले मराठी मित्र हा कागद आधी बघत असतील अशी आशा आहे :-) ) त्याच वर्षी १ ऑक्टोबरला इंग्लंड-वेल्समध्ये सामायिक खासगी ड्रेनेज लाइनी पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेल्या, कारण शेजाऱ्या-शेजाऱ्यांत खर्चावरून एकमत होत नसे. वाचून आपल्या सोसायटीची सभा आठवली ना?

आणि इथेच विषय आपल्या दारात येतो. दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत मोठ्या जुन्या मलवाहिन्यांना आतून अस्तर दिलं गेलं आहे. पण सोसायटीच्या आवारातली लाइन ही सोसायटीची डोकेदुखी. तिथे ‘दुरुस्ती की बदल’ या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असतं, ‘सध्या माणूस बोलवा’. हे स्वस्त वाटतं, कारण त्यातला सगळ्यात मोठा खर्च आपल्या ताळेबंदात लिहिलाच जात नाही. तो चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाच्या नावावर पडतो. तुंबलेल्या लाइनीत विषारी वायू साठतो आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावण्यावर बंदी आहे. कायद्यातली बंदी फक्त महापालिकेला नाही, कुठल्याही व्यक्तीला आहे, म्हणजे सोसायटीची कमिटीही आली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम तिप्पट करण्याची वेळ आली, म्हणजे मरणं थांबलेली नव्हती.

म्हणून वर्षानुवर्षं तीच लाइन तुंबत असेल, तर दुरुस्ती आणि बदल यांतलं काहीतरी एक निवडावंच लागेल. न निवडण्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं. निवड करणं आता अवघडही नाही. पाइपात कॅमेरा सोडून आतलं चित्र बघता येतं. जोड उघडे दिसले तर अस्तराचा भाव काढा. पोट किंवा पडझड दिसली तर खणायची तयारी ठेवा आणि पैसे आत्तापासून बाजूला टाका. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून भांडण सुरू व्हायच्या आत एवढाच ठराव मांडून बघा: आधी कॅमेरा, मग निर्णय, आणि तोवर चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही.

चला, पोहे गार झाले असतील. भेटू पुढच्या शनिवारी.