सलाइनच्या बाटलीपासून वाटी-चमच्यापर्यंत

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर नागपुरात पहिले दोन-चार पाऊस पडून गेलेले असतात, उन्हाने भाजलेले शहर जरा निवलेले असते आणि लहान मुलांच्या दवाखान्यांत गर्दी वाढू लागलेली असते. पहिल्या पावसाचे पाणी नाल्या-गटारांतली घाण बरोबर घेऊन विहिरींत आणि फुटक्या नळांत शिरते आणि घरोघरी मुलांची पोटे बिघडतात.

अशाच एका पावसाळ्यात नागपुरातल्या नववीच्या एका वर्गाला आम्ही प्रश्न विचारला : "घरातल्या वर्षाच्या बाळाला रात्रीतून सहा-सात जुलाब झाले, दोनदा ओकारी झाली, तर तुम्ही काय कराल?" उत्तरे भराभर आली. "दूध बंद करायचे." "पाणी कमी द्यायचे, म्हणजे जुलाब कमी होतील." "जायफळ उगाळून द्यायचे." "दवाखान्यात नेऊन सलाइन लावायचे." शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "आमची आजी तांदळाची पेज मीठ घालून पाजते." वर्ग हसला.

या उत्तरांकडे चुका म्हणून पाहण्याची घाई आम्ही केली नाही. त्यांच्यामागे वैद्यकाच्या इतिहासाचे दीडशे वर्षांचे टप्पे आहेत. पाणी तोडणारे मोठमोठे डॉक्टर होऊन गेले, सलाइन हाच एकमेव उपाय मानणारेही होऊन गेले. तो इतिहास इथे थोडक्यात पाहू. आजी बरोबर की वर्ग, हे मग आपोआप ठरेल.

हगवणीच्या साऱ्या रोगांत सर्वांत भयंकर म्हणजे कॉलरा, आपल्याकडची पटकी किंवा मोडशी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. 'मोडशी' या शब्दाचे पोर्तुगीजांनी 'मोर्देशीं' केले आणि फ्रेंचांनी त्यावरून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ होणारा शब्द बनवला. १८१७ मध्ये बंगालात जेसोरच्या बाजूने पटकीची मोठी साथ उठली. इंग्रज आणि मराठे यांचे शेवटचे युद्ध तेव्हा चालू होते. फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटेने साथ बुंदेलखंडातून नागपूरकडे उतरली, पुढे दख्खन ओलांडून १८१८ च्या पावसाळ्यात मुंबईला पोचली. त्यानंतर काही वर्षांतच ती युरोपातही गेली.

त्या काळचे डॉक्टर काय करत? शीर तोडून रक्त काढत, पाऱ्याचे क्षार देऊन आणखी जुलाब करवत, अफूचा अर्क पाजत. रोगी पाण्यासाठी तळमळत असे, पण पुष्कळदा पाणीही तोडले जाई. तर्क सरळ होता : पोट बिघडले आहे, मग पोटाला विश्रांती द्या. तर्क सरळ असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

१८३१ मध्ये इंग्लंडात साथ पोचली तेव्हा विल्यम ओशॉनेसी या बाविशीतल्या डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले. रक्तातले पाणी आणि क्षार कमी झाले असून तेच विष्ठेत सापडतात, असे त्याला दिसले. म्हणजे रोग्याला मारते ती शरीरातली पाण्याची आणि मिठाची तूट. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने भारतात तारायंत्र सुरू केले.) पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये लीथ येथील थॉमस लट्टा याने एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, ती बोलू लागली. पण जुलाब चालूच होते. पाणी पुन्हा भरले गेले नाही आणि काही तासांत ती दगावली. पाणी जात असेल तोवर ते भरत राहिले पाहिजे, हा धडा त्या पहिल्याच प्रयोगात होता. तरी पद्धत मागे पडली. जंतू म्हणजे काय हेच माहीत नसताना शिरेत सोडलेले पाणी कित्येकदा स्वतःच घातक ठरे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचे पाणी देण्याची पद्धत पुन्हा उभी केली आणि मृत्यू बरेच कमी केले. सलाइनची बाटली अशी आली. ती नक्कीच जीव वाचवते. पण तिला निर्जंतुक पाणी लागते, सुई लागते, बाळाची बारीकशी शीर शोधणारा शिकलेला हात लागतो. हे सारे तालुक्याच्या गावी. बाळ आजारी पडते ते मात्र पाड्यावर, रात्री दोन वाजता.

मग हेच पाणी तोंडाने का पाजू नये? ते पाजून पाहिले गेले होते. पण आजारी आतडे नुसते मीठ-पाणी पुरेसे शोषून घेत नाही. त्यामुळे आतडे निकामी झाले आहे, त्यातून काही दिले तरी वायाच जाणार, अशी समजूत पक्की झाली. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले, की पटकीच्या १८६ सौम्य-मध्यम रुग्णांना त्यांनी तोंडाने मीठ आणि ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्यांच्याजवळ अनुभव होता, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमापे अपुरी होती आणि असे का घडते याचे स्पष्टीकरण नव्हते.

ते स्पष्टीकरण दुसऱ्याच दिशेने आले. १९५९ मध्ये कलकत्त्यातच शंभुनाथ डे यांनी दाखवले, की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषाने आतड्यात पाणी झिरपू लागते. पुढच्या काळात हेही स्पष्ट झाले की पटकीत आतड्याचे अस्तर शाबूत असते. पाणी बाहेर टाकणारी दारे सताड उघडी राहतात, इतकेच. आत घेणारे एक दार मात्र चालू असते. १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी त्या दाराची कल्पना मांडली. ग्लुकोज आणि मिठातले सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात. एकट्याला तिथे प्रवेश नाही. जोडी आत गेली की त्यांच्यामागे पाणीही ओढले जाते. चटर्जींच्या पाण्यात साखर नेमके काय काम करत होती, ते आता कळले. शक्तीसाठी किंवा गोडीसाठी ती नव्हती. मिठाला आत नेणारी ती सोबतीण होती.

इथे प्रमाणाचा प्रश्न येतो. वर्गात बेदाणे साध्या पाण्यात फुगतात आणि टपोरी द्राक्षे साखरेच्या दाट पाकात सुरकुततात, हे आपण दाखवतोच. आतड्यातही हेच घडते. साखर फार झाली की पाणी आत जाण्याऐवजी शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर धोका आणखी मोठा. १९६२ मध्ये मनिला येथे अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स यांनी ग्लुकोज-मिठाचे पाणी वापरले. त्यात मिठाचे प्रमाण जास्त होते आणि काही रुग्ण दगावले. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी वेगळी वाट धरली. रुग्णाच्या शरीरातून किती पाणी जाते ते मोजायचे आणि तेवढेच, योग्य प्रमाणातले, तोंडाने भरून द्यायचे. सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

तरीही हे होते रुग्णालयातले, डॉक्टरांच्या नजरेखालचे काम. खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात येत होते. सीमेवरच्या बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ जूनच्या अखेरीस तिथल्या छोट्या रुग्णालयात पोचले, तेव्हा रुग्ण जमिनीवर घाणीतच पडलेले होते आणि सलाइनचा साठा संपत आला होता. त्यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवले. कलकत्त्यात पुड्या बांधल्या गेल्या. पाणी पिंपांत कालवून ठेवले आणि रुग्णांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्या हातात पेला दिला : पाजत राहा. आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. आधी ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. एका लिटरच्या साहित्याचा खर्च होता ११ पैसे.

महालनबीस यांचा निबंध नियतकालिकांनी सहजी स्वीकारला नाही. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरची माणसे उपचार करू शकतात, ही गोष्ट पचायला रसायनशास्त्रापेक्षा जड होती. पुढे १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नेच या शोधाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीचा मान दिला. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यानंतरचे काम होते शिक्षकाचे. १९८० ते १९९० या काळात बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरी गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे मिश्रण त्यांनी आयांना शिकवले. मानधन किती घरे केली यावर नव्हते. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन पाही की आईला किती आठवते आणि ती मिश्रण नीट करते का, त्यावर ते ठरे. शिकवल्याचा नव्हे, शिकल्याचा मोबदला! आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांच्या शिकवणीत मीठ-गुळाचे पाणी होतेच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत न्यूमोनिया आणि नवजात बालकांच्या आजारांत हाच धागा पुढे नेला. उपचार गावात, गावकऱ्याच्या हाती.

आज सरकारी दवाखान्यात, आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पुडी मिळते. २००२ नंतर तिचे सूत्र बदलले. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले, कारण सौम्य मिश्रणाने ओकाऱ्या आणि जुलाब आणखी कमी होतात. २००४ पासून जस्ताच्या गोळीची जोड आली. लहान मुलांत बऱ्याच वेळा हगवण आणणाऱ्या रोटाव्हायरसवरची लसही २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली.

घरी करायचे ते इतकेच. पुडीवर लिहिले असेल तितके, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे आणि पूर्ण पुडी त्यात विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने द्यावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून आणखी सावकाश पाजावे. पाणी २४ तासांनी टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. पेज, वरणाचे पाणी, मऊ भात चालू ठेवावा. जस्ताची गोळी आरोग्य कार्यकर्तीने सांगितलेल्या मात्रेत १४ दिवस पूर्ण द्यावी. जुलाब बांधणारी औषधे बाळाला देऊ नयेत. प्रतिजैविके बहुतेक वेळा लागत नाहीत. डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावीत.

मात्र काही खुणा दिसल्या तर पाजत पाजतच दवाखाना गाठावा : बाळ सुस्त पडले, पिईना, डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे किंवा ओकारी थांबतच नाही. दहा किलोच्या बाळाच्या अंगातले लिटरभर पाणी गेले म्हणजे वजनाचा दहावा भाग गेला. अशा वेळी सलाइनच लागते आणि तिथे वेळ घालवू नये. सहा महिन्यांखालच्या बाळाला लवकरच डॉक्टरांना दाखवलेले बरे.

इतके सोपे असून २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या दर १० मुलांपैकी सुमारे ६ मुलांनाच हे पाणी मिळाल्याचे दिसले. दुकानांत तर याच नावाने गोड पेये विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापायला मनाई केली. पाकातले द्राक्ष पाहिलेल्या विद्यार्थ्याला या मनाईचे कारण सांगावे लागणार नाही.

हे सारे सांगून झाल्यावर आम्ही त्या वर्गाला पुन्हा विचारले : पेजेत काय असते? स्टार्च. पोटात त्याचे काय होते? ग्लुकोज. आणि आजी त्यात काय घालते? वर्ग एका सुरात म्हणाला, "मीठ!" शेवटच्या बाकाकडे सगळ्यांनी वळून पाहिले. या वेळी कोणी हसले नाही. आम्ही इतकेच जोडले, की आजीला तिचे मीठ एकदा चमच्याने मोजायला सांग.