स्पेनची यजमान घरे आणि परदेशी विद्यार्थी

स्पेनमध्ये विद्यार्थ्याने परक्या घरी पैसे देऊन राहण्याची चाल तिथल्या विद्यापीठांइतकीच जुनी आहे. सालामांका विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. त्याच शतकात राजा दहावा आल्फोन्सो याच्या देखरेखीखाली 'सिएते पार्तिदास' हा कायदेसंग्रह तयार झाला. विद्यापीठाचे गाव कसे असावे, याचे नियमही त्यात आहेत. गावची हवा चांगली असावी, फिरायला बाहेर मोकळी जागा असावी, पाव आणि वाइन मुबलक मिळावी आणि थोड्या खर्चात विद्यार्थ्यांना बिऱ्हाड करता यावे, अशी अपेक्षा त्यात नोंदलेली आहे. शिकण्याचा विचार करताना राहण्या-जेवण्याचा विचार आधी करावा लागतो, हे त्या काळच्या कायदेकारांना पक्के ठाऊक होते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालामांकातील विद्यार्थ्यांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली. श्रीमंत घरचे तरुण नोकरचाकरांसह स्वतंत्र घर भाड्याने घेत. निवडक हुशार मुलांना 'कोलेहिओ मायोर' या संस्थांमध्ये जागा मिळे. त्यांतले सान बार्तोलोमे हे पहिले १४०१ साली स्थापन झाले. मधल्या थरातली बहुसंख्य मुले मात्र 'पुपिलाहे' पद्धतीने राहत. विद्यापीठाची परवानगी मिळालेला एखादा पदवीधर आपल्या घरी विद्यार्थी ठेवी. त्यांचे जेवणखाण, अभ्यास आणि वागणूक या तिन्हींची जबाबदारी त्याच्यावर असे. अशा घरांसाठी विद्यापीठाचे नियम होते. जेवणात काय द्यायचे आणि रात्री दार केव्हा लावायचे हे ठरलेले असे, आणि तपासणीसाठी विद्यापीठाची माणसे घरी येत. नियम इतके बारीक करावे लागले याचा अर्थ ते मोडणारेही पुष्कळ होते. केवेदो याच्या १६२६ साली छापलेल्या 'एल बुस्कोन' या कादंबरीत सेगोव्हियातल्या अशाच एका घराचे वर्णन आहे. तिथला मालक मुलांना उपाशी ठेवतो. चित्र भडक आहे, पण वाचकांना ते ओळखीचे वाटले नसते तर इतके गाजले नसते.

ज्यांना पुपिलाहेही परवडत नसे ते मठांच्या दाराशी मिळणाऱ्या सूपवर गुजराण करत. त्यांना 'सोपिस्ता' म्हणत. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांचेच हे स्पेनमधले भाऊबंद. आजही स्पेनमध्ये जुन्या वेशात गाणी म्हणत फिरणारी विद्यार्थ्यांची 'तूना' मंडळे असतात, आणि लाकडी चमचा-काटा हे त्यांचे चिन्ह सोपिस्तांकडूनच आलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात पुपिलाहेची जागा 'कासा दे उएस्पेदेस' या घरगुती खाणावळवजा निवासांनी घेतली. आल्कालाचे विद्यापीठ १८३६ साली माद्रिदला हलवले गेले आणि प्रांतोप्रांतीचे तरुण राजधानीत येऊ लागले. ही घरे चालवणारी बाई म्हणजे 'पात्रोना'. बहुतेकदा ती विधवा असे, किंवा नवऱ्याच्या तुटपुंज्या पगारावर घर चालवणारी गृहिणी. कादंबरीकार बेनितो पेरेस गाल्दोस १८६२ साली कॅनरी बेटांवरून कायदा शिकायला माद्रिदला आला तेव्हा अशाच घरांत राहिला. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'एल दोक्तोर सेन्तेनो' या त्याच्या कादंबरीत त्या जगाचे बारकाईने केलेले चित्रण आहे: एका टेबलावर बसलेले विद्यार्थी, कारकून आणि कर्जबाजारी म्हातारे, आणि त्या सगळ्यांचा हिशेब डोक्यात ठेवणारी घरमालकीण.

अशा घरांत केवळ विद्यार्थीच नव्हे, शिक्षकही राहत. कवी आन्तोनिओ माचादो हा पेशाने फ्रेंचचा शिक्षक होता. १९०७ साली तो सोरियाला नोकरीवर गेला, तिथे तो राहत होता त्या घराच्या मालकिणीची मुलगी लेओनोर इस्किएर्दो हिच्याशी १९०९ साली त्याने लग्न केले, आणि तीन वर्षांत ती क्षयाने गेली. पुढे १९१९ ते १९३२ अशी बारा-तेरा वर्षे तो सेगोव्हियात लुइसा तोर्रेगो या बाईंच्या घरी एका खोलीत राहिला. हे घर आज माचादो संग्रहालय म्हणून जपलेले आहे. अरुंद पलंग, छोटे टेबल, साधे स्वयंपाकघर पाहिले की त्या काळच्या खाणावळीच्या राहणीची नीट कल्पना येते.

शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन प्रवासाला निघण्याची परंपरा स्पेनमध्ये वेगळ्या वाटेने आली. सरकारने प्राध्यापकांच्या अध्यापनावर बंधने घातली, ती न मानणाऱ्यांना १८७५ साली नोकरीतून काढले, आणि त्यांपैकी फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७६ साली माद्रिदमध्ये 'इन्स्तितुसिओन लिब्रे दे एन्सेन्यान्सा' ही स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली. पाठांतर आणि परीक्षा यांवर या मंडळींचा विश्वास नव्हता. संग्रहालये, कारखाने, जुनी चर्चे, डोंगर ही त्यांच्या लेखी वर्गखोल्याच होत्या. १८८३ च्या उन्हाळ्यात हिनेर आणि त्यांचे सहकारी मानुएल बार्तोलोमे कोस्सिओ विद्यार्थ्यांना घेऊन ग्वादार्रामाची डोंगररांग पायी ओलांडून गेले. १८८७ साली कोस्सिओंनी माद्रिदच्या गरीब मुलांना सान विसेन्ते दे ला बार्केरा या समुद्रकाठच्या गावी नेले. स्पेनमधली ती पहिली शालेय वसाहत-सहल. शिक्षकाने मुलांबरोबर चालावे, जेवावे, मुक्काम करावा आणि या सगळ्याला शिक्षण म्हणावे, ही कल्पना स्पॅनिश शाळांना या संस्थेने दिली. तिचे हे ऋण फार मोठे आहे.

याच सुधारकांचे खाणावळींबद्दलचे मत मात्र वाईट होते. कोंदट खोल्या, निकृष्ट जेवण, दिशाहीन संध्याकाळ यांतून विद्यार्थ्याला बाहेर काढायचे, असे त्यांनी ठरवले. १९०७ साली संशोधन आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल त्याचे अध्यक्ष होते. या मंडळाने १९१० साली 'रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस' हे वसतिगृह उघडले आणि १९१५ साली स्त्रियांसाठी 'रेसिदेन्सिया दे सेन्योरीतास' सुरू केले. पहिल्याचे संचालक आल्बेर्तो हिमेनेस फ्राउद, दुसऱ्याच्या संचालिका मारिया दे माएत्सू. कवी लोर्का, चित्रकार दाली, चित्रपट दिग्दर्शक बुन्युएल यांची मैत्री पहिल्या वसतिगृहात जुळली, त्यामुळे त्याचे नाव जगभर झाले.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे सुट्टीतले वर्गही याच मंडळाने १९१२ साली माद्रिदमध्ये सुरू केले. रामोन मेनेन्देस पिदाल यांच्या इतिहाससंशोधन केंद्रातले विद्वान तिथे शिकवत. उच्चारशास्त्र शिकवायला तोमास नावार्रो तोमास असत, पुढे कवी पेद्रो सालिनासही या वर्गांत आले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या शाळांत जर्मन मागे पडली आणि स्पॅनिश झपाट्याने वाढली. ती शिकवणाऱ्या शिक्षकांना भाषा मात्र पुस्तकातूनच आलेली. तेव्हा आधी शिक्षक स्वतः स्पेनला येऊ लागले आणि मग विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. स्मिथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅथरिन व्हिटमोर १९३२ च्या उन्हाळ्यात माद्रिदच्या अशाच वर्गांना आल्या, तिथे सालिनासशी त्यांची भेट झाली. त्याचा १९३३ सालचा 'ला वोस आ ती देबीदा' हा प्रेमकवितांचा संग्रह या भेटीतून आला. हाका, सालामांका, सान्तान्देर इथेही १९२७ ते १९३३ या काळात परदेशीयांसाठी उन्हाळी वर्ग उभे राहिले.

परदेशी विद्यार्थ्याला हेतुपुरस्सर कुटुंबातच ठेवायचे, ही कल्पना तोवर अमेरिकेत आकार घेत होती. डेलावेअर विद्यापीठाचे रेमंड कर्कब्राइड १९२३ साली आठ विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी फ्रान्सला घेऊन गेले आणि त्यांची सोय फ्रेंच कुटुंबांत केली. स्मिथ कॉलेजने १९२५ मध्ये फ्रान्ससाठी आणि १९३० मध्ये स्पेनसाठी तसेच वर्ष आखले. १९३२ साली डोनल्ड वॉट यांनी 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' ही संस्था काढली. तरुणांनी परदेशी घरात घरचे होऊन राहिले तर राष्ट्रांमधले गैरसमज कमी होतील, अशी तिची धारणा होती. ज्या घरगुती निवासाला स्पॅनिश सुधारक कंटाळले होते, त्यातच परदेशी शिक्षकांना मोलाची गोष्ट दिसली. माद्रिदच्या मुलाला पात्रोनाची अखंड बडबड त्रासाची होती. बोस्टनच्या मुलीला तीच हवी होती. कोणत्याही वर्गात तितके तास तितके जिवंत स्पॅनिश कानावर पडले नसते.

जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा सान्तान्देरचे उन्हाळी विद्यापीठ चालू होते. परदेशी पाहुण्यांना मिळेल त्या मार्गाने परतावे लागले. सालिनास, नावार्रो तोमास, माएत्सू, हिमेनेस फ्राउद सारेच देशाबाहेर गेले. लष्करी बंडाचा नेता फ्रँको याने १९३८ साली काहाल यांचे ते संशोधन मंडळ बरखास्त केले. युद्धानंतरच्या उपासमारीच्या काळात, १९५२ पर्यंत चाललेल्या रेशनिंगमध्ये, पाहुणा विद्यार्थी ठेवणे कुठल्या घराला सोपे नव्हते.

चित्र बदलले ते १९५३ च्या अमेरिका-स्पेन करारानंतर. १९५८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाने माद्रिदमध्ये आपला कार्यक्रम सुरू केला, त्यामागोमाग इतरही आले. १९५९ च्या आर्थिक योजनेनंतर चलनाचा दर घसरला आणि परदेशीयांना स्पेन स्वस्त झाले. सालामांका, माद्रिद, सेविया, ग्रानादा इथल्या मध्यमवर्गीय घरांतली एखादी खोली आता डॉलर मिळवून देऊ लागली. हा पैसा मिळवणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी घरची बाई होती, आणि या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. मे १९७५ मध्ये कायदा बदलेपर्यंत स्पेनमधल्या विवाहितेला नोकरी धरायला किंवा बँकेत खाते उघडायला नवऱ्याची परवानगी लागे. विद्यार्थी ठेवणे मात्र घरकामातच मोडे. अनेक बायकांसाठी स्वतःच्या कमाईची तीच एक वाट होती.

त्या घरांतली राहणी परदेशी मुलांना कठीण जाई. १९४० पासून स्पेनची घड्याळे मध्य युरोपच्या वेळेवर लावलेली, त्यामुळे दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊच्या पुढे. जेवणानंतर टेबलावरच बसून तासभर गप्पा चालत. उठून खोलीत निघून जाणे उद्धटपणाचे समजत. हिवाळ्यात गोल टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत, वरून जाड कापड सोडत, आणि सारे घर पाय त्यात घालून बसे. बाकीच्या खोल्या गारठलेल्या असल्याने विद्यार्थीही तिथेच बसे, आणि ऐकता ऐकता शिके. आंघोळीचे गरम पाणी नारिंगी गॅस सिलिंडरवर तापे, त्यामुळे लांबलेल्या आंघोळीवरून पहिला खटका उडे. रात्री उशिरा आलेल्याला टाळ्या वाजवून 'सेरेनो'ला, म्हणजे गल्लीतल्या दारांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या रखवालदाराला, बोलवावे लागे. १९७० च्या दशकात हे रखवालदार नाहीसे झाले.

फ्रँकोचा मृत्यू १९७५ मध्ये झाला, १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात सामील झाले, १९८७ मध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या देवघेवीची युरोपीय इरॅस्मस योजना आली, पुढच्याच वर्षी सरकारने परदेशीयांसाठी स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षा सुरू केल्या आणि १९९१ मध्ये स्पॅनिशच्या प्रसारासाठी सेर्वान्तेस संस्था स्थापन झाली. इरॅस्मसची मुले बहुधा भाड्याच्या सामाईक घरात राहतात. यजमान कुटुंबांकडे मुख्यतः शाळकरी मुले येतात, आठ-पंधरा दिवसांसाठी, शिक्षकांच्या सोबतीने. इथे दोन प्रकार आहेत. एकात दोन शाळा जोडी करतात, स्पॅनिश मूल आणि परदेशी मूल आलटून पालटून एकमेकांच्या घरी राहतात, पैशांचा व्यवहार नसतो. दुसऱ्यात भाषाशाळा कुटुंबांना ठरलेली रक्कम देऊन मुले सोपवते. पहिल्या प्रकारात मैत्री टिकते, दुसऱ्यात शिस्त असते. शिकण्याच्या दृष्टीने पहिला प्रकार निःसंशय सरस आहे, कारण घरात बरोबरीच्या वयाचे कोणीतरी असते.

शिक्षकाचे काम दोन्हींत सारखेच. बसथांब्यावर यादी हातात घेऊन मुले कुटुंबांच्या स्वाधीन करायची. कोणाला काय खाल्लेले चालत नाही ते आधीच कळवायचे. पहिल्या रात्री रडू आलेल्या मुलाच्या घरी फोन लावायचा. सकाळी वर्ग, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी सहल हा क्रम सांभाळायचा. बाहेरगावी जायच्या दिवशी यजमानीण बटाट्याचे ऑम्लेट नाहीतर हॅम भरलेला पाव बांधून देते. एकाच भाषेची दोन मुले एका घरात ठेवावीत की नाही, यावर शिक्षकांत जुना वाद आहे. लहानांना सोबत लागते, मोठ्यांची भाषा मात्र त्याने मागे राहते.

अलीकडे या चालीभोवती कायद्याची चौकट आली. युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये फिनलंडच्या एका प्रकरणात निकाल दिला, की सहा महिने ते वर्षभराची, यजमान कुटुंबात मोफत मुक्काम असलेली विद्यार्थी-देवघेव ही पॅकेज टूर नव्हे. भाषा-सहलींसाठी युरोपीय मानक २००५ साली आले. स्पेनमध्ये २०१५ च्या कायद्यांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कामांसाठी लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला सक्तीचा केला. २०२० मध्ये महामारीने सारे प्रवास थांबवले, पुढे ते हळूहळू पूर्ववत झाले.

विद्यापीठांच्या दप्तरात प्राध्यापकांची नावे, अभ्यासक्रम, पटसंख्या सारे आहे. मालकिणींच्या वह्या, विद्यार्थ्यांनी मागाहून पाठवलेली पत्रे, नाताळची कार्डे मात्र घरोघरच्या कपाटांत पडून आहेत, आणि १९६० च्या दशकात विद्यार्थी ठेवणाऱ्या बायका आता अगदी थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या आठवणी आणि ही कागदपत्रे त्या त्या गावच्या विद्यापीठांनी लवकर गोळा करायला हवीत.