संत पौलाच्या महाविद्यालयाचा दरवाजा

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी आपली कुटुंबे मोठ्या भक्तीने जुन्या गोव्याला जातात. बॉम जेजूच्या बॅसिलिकेत प्रार्थना होते, मेणबत्त्या पेटवल्या जातात आणि परतीची घाई सुरू होते. तेथून थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला जांभ्या दगडाची एक उंच कमान एकाकी उभी आहे. तिच्यापाशी थांबणारे यात्रेकरू थोडेच. संत पौलाच्या महाविद्यालयाची ही शेवटची खूण होय. ज्या संताच्या दर्शनाला आपण जातो, त्याला आपल्याच एका सहकाऱ्याविरुद्ध कठोर निर्णय घ्यावा लागला तो या दरवाजावरूनच: आत कोणाला घ्यायचे आणि बाहेर कोणाला ठेवायचे, या प्रश्नावरून.

या संस्थेचा पाया १५४१ साली घातला गेला. मिगेल व्हाझ आणि दिओगु द बोर्बा या धर्मगुरूंच्या प्रेरणेने ‘पवित्र श्रद्धेचा बंधुसंघ’ स्थापन झाला आणि त्याने पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुलांसाठी विद्यालय काढण्याचे ठरविले. गोवेकर आणि मलबारी मुलांबरोबर गुजराथ, बंगाल, मलाया, मोलुक्का बेटे, चीन, हबशाण आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा येथील मुलांनाही येथे स्थान द्यावे, असा मूळ संकल्प होता. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. त्याच वर्षी युरोपला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील साठाहून अधिक एतद्देशीय विद्यार्थ्यांचा आनंदाने उल्लेख केला आहे.

येथील शिक्षणपद्धतीचे एक वैशिष्ट्य आजही विचार करायला लावते. मुले लॅटिन व पोर्तुगीज शिकत. तथापि त्यांनी आपली मातृभाषा विसरू नये, अशी दक्षता घेतली जाई. एका भाषेच्या मुलांनी आपसांत आपल्याच भाषेत बोलावे, अशी अपेक्षा असे. जो विद्यार्थी घरची बोली विसरला, तो घरी परतून कोणाच्याच उपयोगी पडणार नाही, हे चालकांनी ओळखले होते.

केव्हा केव्हा शिक्षकही विद्यार्थ्याचा शिष्य होई. १५४८ साली आंजिरो हा जपानी गृहस्थ आपल्या दोन सोबत्यांसह येथे राहिला आणि त्याच वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. या विद्यालयात लॅटिन शिकविणारे इटालियन येशूसंघीय निकोलाव लान्सिलोत्तो यांनी त्याला प्रश्न विचारून विचारून जपानातील धर्म, चालीरीती आणि शिक्षण यांविषयीचा वृत्तांत लिहून काढला. पुढल्याच वर्षी झेवियर त्याला बरोबर घेऊन जपानला गेले, तेव्हा त्या देशाची ओळख त्यांना एका विद्यार्थ्याकडून आधीच झालेली होती.

परंतु झेवियर दूर असताना गोव्यात निराळेच घडत होते. १५४८ मध्ये आलेले अन्तोनियु गोमिश हे नवे रेक्टर उच्च कुळातील, विद्वान आणि नामांकित प्रवचनकार होते. त्यांना हे विद्यालय पोर्तुगालमधील कोइंब्राच्या धर्तीवर चालवायचे होते. एतद्देशीय मुले उच्च शिक्षणाला अपात्र आहेत, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी या मुलांना बाहेर काढले आणि पोर्तुगीज तरुणांना आत घेतले. ज्यांच्यासाठी घर बांधले, त्यांनाच घराबाहेर काढण्यात आले!

१५५२ च्या फेब्रुवारीत झेवियर परतले. त्यांनी गोमिश यांना रेक्टरपदावरून दूर करून दीवला पाठविले. पुढे त्यांना येशूसंघातूनही मुक्त करण्यात आले. गास्पर बार्झे हे नवे रेक्टर झाले आणि एतद्देशीय विद्यार्थ्यांसाठी दरवाजा पुन्हा उघडला. त्याच वर्षाच्या अखेरीस झेवियर चीनच्या उंबरठ्यावर मरण पावले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी जी कामे निकडीची मानली, त्यांत हे एक होते, हे आपण विसरू नये.

येथेच कथा संपवली तर ती गोड होईल, पण पुरती खरी होणार नाही. या विद्यालयाच्या खर्चासाठी पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून देण्यात आले होते. मुलांची भाषा राखली गेली ती मुख्यतः धर्मप्रसारासाठी. त्यांच्या पूर्वजांच्या संस्कृतीला त्या वर्गात मान नव्हता. याच विद्यालयात शिकलेले केरळचे पेरू लुईश हे पहिले भारतीय येशूसंघीय धर्मगुरू. १५७५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आपल्या देशबांधवांनाही संघात घ्यावे, अशी त्यांची कळकळीची विनंती होती. पण तो दरवाजा पुढे जवळजवळ दोन शतके बंदच राहिला. १६८४ साली तर गोव्यातील जनतेने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम व्हाइसरॉयने काढला.

मात्र दुसरा प्रवाहही आटला नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीच्या लोकांची भाषा विद्यार्थ्याच्या नम्रतेने आत्मसात केली आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून निघाले. ओवीत शुभवर्तमान गाणारा हा ग्रंथ आपण अभिमानाने मिरवतो. परक्या शिक्षकाने आपल्या श्रोत्यांच्या भाषेपुढे मान लववली, म्हणून तो जन्मला.

आज आपल्या वसईतील शाळा-महाविद्यालयांच्या बाकांवर सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली बोली बोलणारी मुले हिंदी, गुजराती बोलणाऱ्यांच्या शेजारी बसतात. प्रवेश सर्वांना आहे, याचे समाधान जरूर मानावे. परंतु संत पौलाच्या महाविद्यालयाचा इतिहास आपल्याला त्यापुढचे प्रश्न विचारतो. बाकावर बसलेल्या मुलाची बोली वर्गात हसण्याचा विषय होते का? त्याच्या घरचे सण, त्याच्या आजीच्या गोष्टी शिक्षकाला ठाऊक असतात का? आणि ‘ही मुले अपात्र आहेत’ असे कोणी विद्वान म्हणू लागला, तर त्याला थांबविण्याचे धैर्य आपल्यापैकी कोणात आहे?

पुढल्या वेळी गोव्याला जाल, तेव्हा मुलांना घेऊन त्या कमानीपाशी घटकाभर थांबा. भिंती पडल्या, छप्पर गेले. उरला आहे तो फक्त दरवाजा, आणि त्याला आता दार नाही. तो तसाच उघडा राहो, आणि आपल्या संस्थांचेही तसेच राहोत, एवढी प्रार्थना तेथे अवश्य करावी.